ग्रुप कोणाचा

"गोळी जिभेवर ठेव. तांब्या हातात धर. हां, आता इकडं बघ."

शितलने तांब्या धरला आणि ओशाळून हसली. घरात अंधार होता म्हणून लाडकीने तिला दोन पावलं अंगणात आणलं, मोबाइल उभा धरला आणि फोटो काढला. मग खाली नेहमीसारखं लिहिलं : शितल, वय वीस, सागपाडा, टीबीचं औषध, आठवडा तिसरा, गोळी समोर खाल्ली. बाणावर बोट ठेवलं, फोटो आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर गेला. मिनिटभरात पलीकडून डॉक्टरांचा अंगठा आला.

लाडकीला तो अंगठा आवडायचा. आंबेखिंड आरोग्य केंद्राखाली तेवीस आशा सेविका होत्या. त्यांच्यात लाडकी वयाने मोठी, शिक्षणाने आठवी पास, आणि फोटो पाठवण्यात सगळ्यांच्या पुढे. नवरा लाहू वर्षातले आठ महिने मासेमारीच्या बोटीवर खलाशी. घरी ती आणि म्हातारी सासू. सकाळी पिशवी खांद्याला लावून ती जी निघायची ती तीन पाडे करून उन्हं उतरल्यावर परत यायची. कोणाला पाळी चुकलीय, कोणाचा नवरा मारतो, कोणाच्या पोराचं वजन घटलंय, हे तिला त्या घरातल्या सासवांच्याही आधी कळायचं. बाया तिला सांगायच्या, कारण ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या घरी दुसराच विषय काढायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. ग्रुप आला तो दीड वर्षापूर्वी, स्वस्तातले मोबाइल आणि फुकटातलं नेट आल्यावर.

हा फोटो गेला तो २०१८ च्या जानेवारीत. चौथ्या दिवशी शितल कामावरून अर्ध्या वाटेतून परत आली.

ती अच्छाडच्या नाक्यावरून जीपने हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या एका प्लास्टिकच्या कंपनीत पॅकिंगला जायची. जीपमध्ये बारा बाया, मांडीला मांडी लावून बसायच्या. फोटो गेल्यावर पहिल्या दिवशी तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. दुसऱ्या दिवशी एकीने पदर नाकाला लावला. तिसऱ्या दिवशी कंत्राटदार जीपपाशी आला आणि तिच्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाला, "कालथी एने ना लावतो." उद्यापासून हिला आणायचं नाही, हे ऐकून ड्रायव्हरने मान हलवली. त्याच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. तांब्या, जिभेवरची गोळी, नाव, वय, पाडा, सगळं.

ग्रुपमध्ये एकसष्ट माणसं होती. आशा आणि नर्सबाया सोडल्या तर रुग्णवाहिकेचा चालक, दोन कॉम्प्युटर ऑपरेटर, सरपंचाचा पुतण्या, आणि लसीकरणाच्या बातमीसाठी कधीतरी घातलेला एक वार्ताहर, ज्याला काढायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. फोटो यांच्यातल्या कोणाकडून बाहेर गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शितलची आई बुधीबाई संध्याकाळी लाडकीच्या अंगणात येऊन उभी राहिली. ती भांडायला आली असती तर लाडकीला सोपं गेलं असतं.

"फोटो तू काडलास ना?"

"हो."

"मंग पुस."

लाडकीने तिच्यासमोर मोबाइल उघडला, फोटो शोधला आणि पुसला.

"झालं?"

"माझ्यातला गेला."

"आन् बाकीच्यांतला?"

लाडकीने मोबाइल बंद केला. बुधीबाई जायला वळली. "माझ्या पोशीनं गोळ्या चुलीत टाकल्या," ती म्हणाली, "बोलते, गोळ्या खाते म्हणून लोकांना कळतं." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी लाडकी तलासरीहून एसटीने डहाणूला गेली. स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात तिने विचारलं, एकदा गेलेला फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून कसा काढायचा. काउंटरवरचा मुलगा हसला. "मावशी, तो आतापर्यंत सुरतला पोचला असेल." मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला आणि समोर बोट दाखवून म्हणाला, "त्या ऋचाताईला विचारा. तिला असल्या गोष्टींचं भारी वेड आहे."

ऋचाचं दुकान म्हणजे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. घरची चिकूची वाडी. पुण्यात पाच वर्षं कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळून ती वडील आजारी पडले तशी परत आली होती. दोन वर्षं ती भेटेल त्याला एकच गोष्ट समजावत होती : आपलं बोलणं आपल्या ताब्यात हवं. कॉलेजात दोन भाषणं झाली, एकदा चिकू बागायतदारांच्या सभेतही ती बोलली. तिने स्वतःच्या मशीनवर चालवलेल्या निरोपांच्या जाळ्यात अजून अकराच माणसं होती. त्यातली सहा नात्यातली. चुलतभाऊ जतीन तर त्याच्यावर फक्त "जेवायला येतेस का" एवढंच विचारायचा.

लाडकीने सगळं सांगितलं. फोटो आपणच काढला हेही.

ऋचा म्हणाली, "तो आता परत येणार नाही, ताई. खोटं सांगत नाही तुम्हाला." मग तिचं नेहमीचं सुरू झालं. मोठ्या कंपन्या, माहिती, हक्क. लाडकीने थोडा वेळ ऐकलं.

"मॅडम, हे बोलशील तर आमच्या बायांना काय समजणार नाय. मला एवढंच सांग, त्या ग्रुपात अँब्युलन्सचा डायवर कसा आला?"

"डॉक्टरांनी घातला. ग्रुप त्यांचा आहे."

"आन् तुझ्यावाल्यात?"

"ज्याचं मशीन, त्याचे नियम. टपालासारखं धरा. आता सगळ्या जगाचं एकच टपालघर आहे आणि ते परक्याचं आहे. माझं छोटं आहे. दुसऱ्या गावाचं दुसरं असू शकतं. दोघांत निरोप ये-जा करतात, पण कोणी कोणाचा मालक नाही. नाव घालायला मोबाइल नंबर लागत नाही. निरोप आठवड्यानं आपोआप पुसले जातील असं लावता येतं."

"फोटो पुढं ढकलता येतो त्यात?"

ऋचाने खरं ते सांगितलं. "येतो. माणसाचा हात कुठलंच अॅप धरत नाही. पण आत कोणाला घ्यायचं, ते तुम्ही ठरवता."

"ते मशीन कुठं असतं?"

ऋचाने टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे कागदाच्या रिमांशेजारी एक काळी डबी दिवा लुकलुकवत होती.

"म्हणजे आमच्या बायांचं सगळं तुझ्या टेबलाखाली," लाडकी म्हणाली. "तू चांगली दिसतेस. पण उद्या तू लगीन करून गेलीस, दुकान तुझ्या भावानं घेतलं, तर?"

दोन वर्षांत हा प्रश्न ऋचाला कोणी विचारला नव्हता. जे तिला लोकांच्या डोक्यात शिरवायचं होतं ते ही बाई तिलाच विचारत होती.

"तर तुमचं मशीन तुमच्याकडे हवं," ती म्हणाली. "सागपाड्यात लाइट असते का?"

"गिरणीत असते."

गिरणी बचत गटाच्या बायांची होती, चावीही त्यांच्याकडेच. ऋचा तीन रविवार आली. जुन्या मशीनमधून तिने साबणाच्या वडीएवढी एक पेटी तयार केली, फळीवर ठेवली, बाजूला बॅटरी जोडली. पहिल्याच आठवड्यात आत पीठ जाऊन ती बंद पडली. मग हिरीने तिला जुन्या ओढणीचं पातळ झाकण शिवलं. हिरी पलीकडच्या पाड्याची आशा, गटात हिशेबाला बसायची. नेट दोनदा रुसलं. सगळं सुरळीत व्हायला एप्रिल उजाडला.

खरं काम त्यानंतरचं होतं. मशीन चालू झालं तेव्हा त्यात दोघीच होत्या, लाडकी आणि ऋचा.

"त्यात कोणीच नाय गं," धाकली म्हणाली. धाकली वयाने सगळ्यात लहान आशा, मोबाइलवर सदा नाचगाणी बघायची. "रिकाम्या बाजारात जाऊन काय करू? हिकडं माझी बहीण हाय, माहेर हाय, लग्नाचे फोटो येतात."

"ते ठेव ना," लाडकी म्हणाली. "लग्नाचे फोटो तिकडंच टाक. बाईचं नाव तेवढं इकडं आण."

हिरीचं निराळंच. झाकण शिवून दिलं तरी आत यायला ती तयार नव्हती. "मी काय चोरी करते? मला काय लपवायचं?"

"तुझं काय नाय गं लपवायचं. माझं पण नाय. पण दुसऱ्यांनी आपल्याकडं ठेवलेलं हाय ना? ते आपण कोणाच्या दारात नेऊन टाकतो?"

हिरीच्या पाड्यात मागच्याच वर्षी एका लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफीची चिठ्ठी त्याच ग्रुपवर पडली होती. चिठ्ठी हिरीनेच टाकली होती. त्या घराने पाडा सोडला. हे हिरीने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी गिरणीच्या पायरीवर बसून तिने लाडकीला सांगितलं आणि मग मोबाइल पुढे केला. "घाल मला."

लाडकीने कोणालाच कंपन्या, हक्क असलं काही सांगितलं नाही. ती जाऊन बसायची आणि म्हणायची, शितलचा फोटो मी टाकला. मग समोरच्या बाईला स्वतःचं काहीतरी आठवायचं. प्रत्येकीकडे एक तरी होतंच. अशा करत करत जूनपर्यंत तेवीसातल्या सतरा जणी आत आल्या. तिघी पासवर्ड विसरल्या. एकीने तो घराच्या भिंतीवर चुन्याने लिहिला, नंतर पुसावा लागला. दोघी म्हणाल्या की ह्याला घंटी नीट वाजत नाही आणि निघून गेल्या. पावसात वीज दोन दिवस गेली तेव्हा सगळंच बंद पडलं आणि धाकली सगळ्यांना ऐकवत फिरली, "तरी मी बोलत होते." पण वीज आल्यावर तीच पहिली आत आली.

शितलसाठी लाडकी आधीपासूनच रोज जात होती, मोबाइल घरी ठेवून. शितल दार उघडायची नाही. लाडकी अंगणात दाराकडे पाठ करून बसायची आणि अर्ध्या तासाने उठायची. खोकला कुडाच्या भिंतीतून ऐकू यायचा. दिवसेंदिवस तो खोल जात होता. नवव्या दिवशी आतून आवाज आला, "बसून काय मिळतं तुला?"

"काय नाय मिळत."

"मी गोळी खाल्ली तर फोटो काडशील."

"मोबाइलच आणला नाय मी. तू खा, मी वळून पण बघत नाय."

बऱ्याच वेळाने तांब्याचा आवाज झाला. लाडकी खरंच वळली नाही.

उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले. मशीन चालू झाल्यावर शितलनेच विचारलं, "त्यात डॉक्टर हाय?"

"नाय."

"डायवर?"

"आपण बोलावल्याबिगर कोणी नाय."

"मंग मला घाल."

त्यानंतर रोज सकाळी लाडकीच्या मोबाइलवर एकच शब्द यायचा, "झालं." त्याच्या पुढे-मागे काही नाही. कधी नऊ वाजेपर्यंत आला नाही की लाडकी पिशवी उचलून निघायची, आणि वाटेत असतानाच तो यायचा. लाडकी वहीत खूण करायची.

जुलैच्या बैठकीत डॉक्टरांनी रजिस्टर बाजूला सारलं. डॉक्टर तसे वाईट नव्हते. रात्री-अपरात्री बाळंतपणाला धावणारा माणूस. पण वरून त्यांना रोज पुरावा मागितला जायचा आणि फोटोसारखा दुसरा पुरावा नव्हता.

"सागपाड्याचा पाच महिन्यांत एक फोटो नाही. का?"

"रजिस्टरात सगळं लिवलंय, सर," लाडकी उभी राहिली. "तारखेवार. पेशंटचा अंगठा हाय."

"मी फोटो विचारतोय."

"फोटो नाय देणार."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आणि हा तुमचा गुप्त ग्रुप काय आहे? कोण चालवतं? काय चाललंय त्यात शासनाच्या विरोधात?"

"गुप्त नाय. आमचा हाय."

"मग मला घ्या त्यात."

"नाय."

"का?"

"तुमच्या मागून डायवर येतो, सर. त्याच्या मागून जीप येते."

कोणीतरी हसू दाबलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात पुढे केला. "फोन दाखव. आत्ता. बघू दे काय लिहिता ते."

लाडकीने फोन पिशवीत टाकला आणि पिशवी छातीशी धरली. ती बोलली तेव्हा बैठकीतली मराठी सुटून पाड्यातली तिची बोली आली होती. त्या बोलीत साहेब असो की पोर, समोरच्याला तूच म्हणतात.

"तुला रजिस्टर पाहिजे, घे. गोळ्यांची पाकिटं मोजायची, मोज. माझ्याबरोबर पाड्यात ये, पेशंट दाखवते, तिनं घरात घेतलं तर. पण हा फोन माझा नाय. ह्यात बाया हायत. त्यांनी मला सांगितलं, तुला नाय सांगितलं. तुला पाहिजे तर तू त्यांच्या अंगणात जाऊन बस, माझ्यासारखा. नऊ दिवस."

डॉक्टरांचा हात तसाच पुढे होता. हिरीने स्वतःचा मोबाइल उचलून पदराखाली घेतला. मग आणखी एकीने. धाकली उभी राहिली.

"सर, आजपासून माझे पण फोटो येणार नाय."

डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि बैठक संपली असं सांगितलं.

नोटीस फक्त लाडकीला आली. लेखी माफी द्यावी आणि कामाचे फोटो नियमित पाठवावेत. तिने त्याच कागदाच्या मागे निळ्या पेनने लिहिलं : मी बाईचा फोटो काढणार नाही. काम रजिस्टरात आहे. खाली सही केली आणि तो कागद स्वतः नेऊन टेबलावर ठेवला.

ते प्रकरण वर्षभर रेंगाळलं. मधे डॉक्टरांची बदली झाली. नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या बैठकीत सांगितलं की फोटो पाकिटाचा चालेल, चेहरा नको, नाव नको. लाडकीचं नाव त्यात कोणी घेतलं नाही. पण जुना कागद टेबलामागून टेबल सरकत राहिला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिला कमी केल्याचं पत्र आलं. कारण होतं, वरिष्ठांच्या आदेशाचं पालन न करणे.

ऋचा धावत आली. "आपण लढू. वकील आहे माझ्या ओळखीचा."

"लढ तू," लाडकी म्हणाली. "अर्ज लिव, मी सही करते. पण आधी हिरीला मशीन शिकव. बॅटरी बदलायची, पासवर्ड नवीन करायचा, सगळं. माझ्या एकटीच्या हातात ठेवू नको."

हिरी शिकली, धाकलीही शिकली. धाकलीच्या माहेरच्या गावात, डहाणू तालुक्यात, तिसरी पेटी लागली. ऋचाच्या वहीत आता एकशे चार नावं होती. त्यातली नव्वद तिला कधी भेटली नव्हती. सतरातल्या पाच आशा मात्र परत जुन्या ग्रुपवर रमल्या होत्या. त्यांना कोणी बोल लावला नाही.

शितलचा उपचार पूर्ण झाला होता. तपासणीत काही निघालं नाही. ती मामाकडे वापीला कामाला गेली. जाताना तिने लाडकीचा निरोप घेतला नाही. शेवटचं "झालं" आलं त्या दिवशी लाडकीने उत्तर लिहिलं, "बरं झालं, पोरी." ते पोचल्याची खूण आली. बुधीबाई वाटेत भेटली तर अजूनही मान खाली घालून बाजूने जायची. लाडकीने तिला कधी थांबवलं नाही.

पत्र आल्याच्या दुसऱ्या सोमवारी तिने वजनकाटा, गोळ्यांचा डबा, ओळखपत्र आणि बारा वर्षांवर गेलेली रजिस्टरं आरोग्य केंद्रात जमा केली. तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीने एकेक वस्तू यादीत लिहून घेतली. ती अगदीच कोवळी होती.

"मावशी, बायांचे नंबर पण द्या ना. सगळ्यांना ग्रुपमध्ये घेते."

"नंबर मी देत नाय. तू घरोघर जा. पाणी माग, बस. त्या देतील."

"आणि नाही दिले तर?"

"तर परत जा."

मुलीने मान डोलावली आणि पोचपावतीवर सही दिली. लाडकी रिकामी पिशवी घेऊन चालत निघाली. भात पोटरीला आलं होतं. बांधावरच्या बाया तिला बघून उभ्या राहत होत्या आणि पुन्हा वाकत होत्या. वाटेवरच्या चैत्याच्या घरापाशी त्याची नवी सून कुंपणाला धरून उभी होती. लग्नाला पुरते सहा महिने झाले नव्हते.

"लाडकीबाय, जरा आत ये ना."

"मी आता आशा नाय गं. आजच सगळं देऊन आले."

"मला ठाऊक हाय." तिने मागे वळून रस्ता बघितला. "तू ये."

लाडकीने चपला काढल्या. पिशवी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली, मोबाइल तिच्यातच राहू दिला. पोरीच्या पाठीवर हात ठेवून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

आत काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच ठाऊक. अंगणात कोंबड्या चरत होत्या. खुंटीवरच्या पिशवीत मोबाइल दोनदा वाजला आणि गप्प झाला.